लेस्तेरला घर घेतलं तेव्हा

युफेमिया कॅलिस्ट चौतीस वर्षं आमच्या हिल्सबरोच्या पोस्टात होती. तिची पार्सलांची खिडकी आणि माझी तिकिटांची, दोन्ही एकाला एक लागून. बेटावरची अर्धी माणसं परदेशात, त्यामुळे कुणाचा मुलगा ब्रुकलिनच्या कुठल्या रस्त्यावर राहतो आणि कुणाच्या सुनेने हडर्सफील्डमध्ये घर बदललं, हे सगळं फेमीला तोंडपाठ असायचं. पाकिटावर पत्ता चुकीचा असला तर ती तो न विचारता दुरुस्त करून टाकायची.

तिने लग्न केलं नाही. म्हाताऱ्या आईला शेवटपर्यंत सांभाळलं. आणि ती पाण्यात कधी उतरत नसे. चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर राहून ही बाई पायाचं बोटसुद्धा भिजवायची नाही. शेजारच्या मोठ्या बेटावर, ग्रेनाडाला, जायचं तर सगळे बोटीने जातात, ही मात्र त्या छोट्या विमानातून जायची. पोस्टातले पुरुष चिडवायचे, "मिस फेमी, तू बहुतेक साखरेची आहेस, विरघळशील!" ती हसायची आणि पार्सलांवर शिक्के मारत राहायची.

ती निवृत्त झाली त्याच वर्षी, म्हणजे २०१९च्या मार्चात, तिची भाची रोशेल हिचा हडर्सफील्डहून फोन आला. रोशेल म्हणजे फेमीची थोरली बहीण इस्मे हिची मुलगी, मावशीला टँटी म्हणणारी. मी तेव्हा फेमीच्या ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. फोन मोठ्या आवाजावर होता, कारण फेमीचा डावा कान मंद होता.

"टँटी, ऑगस्टमध्ये आम्ही सगळे येतोय! आई, मी, माझा नवरा, भाऊ, वहिनी, पोरं धरून अकरा जण. दोन आठवडे. घर मात्र समुद्रावर हवं. दारातून उठलं की पाण्यात."

"या की," फेमी म्हणाली. "हिल्सबरोलाच बघते. दुकानं जवळ पडतील."

"दुकानं हडर्सफील्डलाही आहेत, टँटी. मी घर बघून ठेवलंय. लेस्तेरला, अगदी वाळूवर. बेदो म्हणून कुणी मालक आहेत. तू फक्त जाऊन खोल्या बघून ये."

फेमीच्या हातातली शेंग तशीच राहिली. मग ती भराभर बोलायला लागली. लेस्तेरला चिलटं फार. दिवे जातात. पाण्याच्या टाकीत बेडूक पडतात. त्या बेदोची बायको चोंबडी आहे.

"टँटी, तू तिकडे शेवटची कधी गेली होतीस?"

"सत्तेचाळीस वर्षं झाली," फेमी म्हणाली.

रोशेल खो खो हसली. "अगं, आपलं बेट सात मैलांचं! मग तुला बेडकांची खबर कोण देतं?"

शेवटी फेमी हो म्हणाली. नाही म्हणायला तिच्याजवळ सांगण्यासारखं कारण नव्हतं.

त्याच आठवड्यात दुपारची झोप तिच्यावर उलटली. जेवण झालं की ती आरामखुर्चीत अर्धा तास डोळे मिटायची. तेवढ्यात अल्बन यायचा. अल्बन तिचा भाऊ. १९७२ साली शेळ्या आणि लिंबं भरून शिडाच्या गलबतातून त्रिनिदादला निघाला तो परत आला नाही. गलबतावर तिघे होते. तिघांपैकी कुणाचं प्रेत मिळालं नाही, गलबताची फळीसुद्धा लागली नाही. आमच्याकडे माणूस पुरला की काही वर्षांनी थडग्यावर दगड बसवतात, मोठं जेवण घालतात, तेव्हा कुठे तो निवांत होतो असं मानतात. अल्बनला ना थडगं ना दगड.

स्वप्नात तो तिच्याच स्वयंपाकघरात उभा असे. पाणी त्याच्या कमरेपर्यंत. चुलीजवळ, भांड्यांमध्ये, सगळीकडे तेच हिरवं पाणी. वय वीसच. तो तिला एवढंच विचारायचा, "फेमी, आईचा काही निरोप?"

ती दचकून उठायची तर फरशी कोरडी असायची.

हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आपलं म्हटलं, "मेलेली माणसं स्वप्नात येतात ती भुकेली म्हणून. एक ताट वाढ त्याला." मेलेल्यांसाठी वाढतात त्या ताटाला आमच्याकडे आईबापांचं ताट म्हणतात, मग मेलेलं कुणीही असो.

"भूक नाही गं त्याला," ती म्हणाली. "त्याला उत्तर हवंय."

मे महिन्यात ती एकदाची लेस्तेरला खोल्या बघायला निघाली आणि मला बरोबर घेतलं. बसमधून उतरलो. रस्ता संपतो तिथे समुद्रबदामाची झाडं आणि पलीकडे वाळू. घर छान होतं, निळ्या दारांचं. बेदो स्वतः चावी घेऊन आले.

"किती माणसं, मिस फेमी?"

"बारा."

"अकरा," मी हळूच म्हटलं.

"अकराच," ती म्हणाली, आणि मटकन पायरीवर बसली. बेदो पाणी आणायला आत गेले. ती समोर एका ठिकाणाकडे बघत होती. तिथे काहीच नव्हतं, नुसती लाट येत होती आणि जात होती.

"तो तिथे उभा होता," ती म्हणाली. आणि मग सत्तेचाळीस वर्षं कुणालाही न सांगितलेली गोष्ट तिने मला त्या पायरीवर सांगितली.

त्या दिवशी पहाटे तिच्या आईला स्वप्न पडलं होतं. मेलेली आजी आली आणि म्हणाली, पोराला आज पाण्यावर पाठवू नको. आईला ताप होता, चालवत नव्हतं. तिने चौदा वर्षांच्या फेमीला उठवलं. "धावत जा लेस्तेरला. अल्बनला सांग, आईने सांगितलंय, आज निघायचं नाही." फेमी टेकडी ओलांडून धावत आली. गलबत अजून निघालं नव्हतं. अल्बन कमरेइतक्या पाण्यात दोर धरून उभा होता. तिला बघून ओरडला, "आणलंस का माप?"

महिन्याभराने चर्चमध्ये तिच्या दृढीकरणाचा विधी होता, त्याला पोरींनी सगळं पांढरं घालायचं असतं. त्रिनिदादहून पांढरे बूट आणायचं त्याने कबूल केलं होतं. पायाच्या मापाचा दोरा तिने आदल्या रात्रीच खिशात ठेवला होता. ती पाण्यात गेली आणि दोरा त्याच्या हातात दिला. त्याने तो शर्टाच्या खिशात घातला. मग विचारलं, "आईचा काही निरोप?"

"मी नाही म्हटलं," फेमी म्हणाली. "म्हटलं, काही नाही. तू जा."

घरी जाऊन तिने आईला सांगितलं, मी पोचले तेव्हा गलबत निघून गेलं होतं.

"आणि माहितेय, आई काय म्हणत राहिली? मरेपर्यंत? म्हणायची, माझंच चुकलं, पोरीला अर्धा तास आधी उठवायला हवं होतं. रोज. भाजी चिरताना, प्रार्थनेला बसताना. सत्तावीस वर्षं मी तिच्या शेजारी बसून ते ऐकलं."

बेदो पाण्याचा पेला घेऊन आले, ते तसेच उभे राहिले. मी तो घेतला. तिच्या हातात दिला आणि शेजारी बसले.

दुसऱ्या दिवशी तिने इस्मेला फोन केला. मी नको म्हणत होते. म्हटलं, एवढी वर्षं पोटात राहिलं, आता म्हातारपणी कशाला बाहेर काढतेस? ती म्हणाली, "त्या घरात ती माझ्यासमोर जेवायला बसणार. मला घास गिळता येणार नाही."

तिने सगळं सांगितलं. पलीकडे इस्मेने ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई स्वतःला खात गेली, फेमी. आणि तू बघत होतीस." फोन बंद झाला.

चार दिवसांनी रोशेलचा फोन. "टँटी, आई म्हणते मी येणार नाही. खोलीचं दार लावून बसलीय. काय बोललीस तू तिला?"

"तुझ्या आईलाच विचार, बाळ."

त्यानंतर महिनाभर फोन वाजला नाही. फेमी वाळत चालली. अल्बन आता दुपारची वाटही बघेनासा झाला. भांडी घासताना तिने मान वळवली की तिला दारात पाणी दिसायचं. बेदोंना घर नको म्हणून कळवावं, असं मी दोनदा सुचवलं. ती उठून आत जायची.

जूनच्या शेवटी एका रविवारी चर्चमधून आम्ही घरी येतो न येतो तोच फोन वाजला. इस्मे होती. ना कशी आहेस, ना काही.

"कू-कू कोण रांधणार? अकरा माणसांचा मका घोटत मी चुलीशी उभी राहणार नाही. माझे गुडघे गेलेत."

फेमीने फोन दोन्ही हातांनी धरला. "मी करीन."

"आणि ऐक. मी तुला माफ करणार नाही. ते माझं कामच नाही. ज्यांचं आहे त्यांना बोलव. पहिल्याच दिवशी आईबापांचं ताट वाढायचं, आईसाठी आणि अल्बनसाठी. ते होईपर्यंत एकही पोर पाण्यात जाणार नाही."

मागून रोशेलचा आवाज आला, "आई! आपण सुट्टीला चाललोय की मर्तिकाला?"

"तुझी आई सांगेल तिकडे चाललीयस," इस्मे म्हणाली.

ऑगस्टमध्ये ते आले. पोरं रबरी मासे आणि चष्मे घेऊन आली होती. समोर समुद्र चमकत होता आणि कुणालाही जाता येत नव्हतं. बोटीतून उतरल्यापासून दोघी बहिणी एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. त्या स्वयंपाकघरात पाठीला पाठ लावून काम करत होत्या. एकीने मका घोटला, दुसरीने तुरीचे दाणे शिजवले, आणि मीठ मागायचं तरी ते माझ्या तोंडून.

दुपारी आतल्या खोलीत टेबलावर पांढरं कापड घातलं आणि दोन ताटं मांडली. कू-कूचे गोळे, मासा, बकऱ्याचं मटण, कोकोचा पेला, थोडी रम. उंबऱ्यावर आधी पाणी शिंपायचं, मग रम, आणि नाव घेऊन हाक मारायची. हे काम घरातल्या मोठ्या माणसाचं, म्हणजे इस्मेचं. तिने भांडं फेमीच्या हातात दिलं.

फेमीने पाणी शिंपलं. मग रम शिंपली. पोरं भिंतीला टेकून बघत होती.

"आई," ती म्हणाली, "गलबत गेलं नव्हतं. मी वेळेवर पोचले होते. तू मला वेळेवर उठवलं होतंस." मग म्हणाली, "अल्बन, आईने सांगितलं होतं, निघू नकोस."

इस्मेने दार ओढून घेतलं. प्रथेप्रमाणे रात्रभर तिथे कुणी गेलं नाही.

सकाळी दार उघडलं तर दोन्ही ताटं जशीच्या तशी. मुंग्यांची रांग लागली होती, बाकी एक दाणा हललेला नव्हता. रोशेलचा धाकटा हिरमुसला. "कुणी आलंच नाही!"

फेमी दाराची चौकट धरून उभी होती. "आई जेवली नाही," ती म्हणाली.

तेव्हा इस्मे तिच्याशी पहिल्यांदा बोलली. "आई पहिल्या हाकेला कधी जेवली होती? चारदा बोलवावं लागायचं, तेव्हा कुठे एप्रनला हात पुसत यायची. पुढच्या वर्षी परत वाढ."

मग तिने पोरांकडे वळून हात उडवला आणि पोरं आरडत पाण्यात धावली. फेमी मात्र पायरीवरच बसून राहिली. पुढेही ती कधी पाण्यात गेली नाही.

लेस्तेरच्या घराचं मग दर ऑगस्टला ठरूनच गेलं. साथीच्या दोन वर्षांत कुणाला येता आलं नाही, तेव्हा फेमीने आणि मी जाऊन ताट वाढलं. नंतर पुन्हा सगळे यायला लागले. दोघी बहिणींचं भांडण मिटलं असं मी म्हणणार नाही. इस्मे मध्येच एखादा टोमणा मारायची आणि फेमी तो मुकाट्याने घ्यायची. पण एका ओट्यावर बसून दोघी मासे साफ करायच्या.

मी एकदा विचारलं, "अल्बन अजून येतो?"

"येतो. मी दर वेळी निरोप सांगते. तो ऐकतो, मान हलवतो, आणि जातोच."

दोन हजार चोवीसच्या जुलैत वादळाने आमचं बेट पार झोडपलं. बेदोंच्या घराची नुसती फरशी उरली. त्या वर्षी येणं शक्यच नव्हतं. आम्हा दोघींच्या घरांवर ताडपत्री होती, मका मिळत नव्हता. तरी ऑगस्टात फेमी डब्यातला मासा आणि मदतीत आलेला भात घेऊन लेस्तेरला निघाली. त्या उघड्या फरशीवर तिने कापड पसरून दोन ताटं मांडली. दार नव्हतंच, म्हणून उंबरा होता त्या जागेवर पाणी शिंपलं. मी फोन धरून उभी होते. पलीकडे हडर्सफील्डला इस्मे ऐकत होती.

फेमीने हाक मारली.

"मोठ्याने मार," इस्मे फोनमधून म्हणाली. "तिकडे लाटांचा आवाज असेल."