कुंडं संपल्यावर

सत्त्याण्णव साली राधानगरीच्या तलावाकाठी तो मला भेटला. कोल्हापूरजवळच्या कसबा बावड्याचा होता. जुन्या मॅटाडोरमध्ये त्यानं पलंग आणि स्टोव्ह बसवून घेतला होता. कमरेखाली लुळ्या पडलेल्या बायकोला घेऊन तो महिनाभर कोकणातली गरम पाण्याची कुंडं फिरत होता.

"आधी सोताचं कोपर बुडवून बघत्यात, मग मला उतरिवत्यात," ती कौतुकानं सांगत होती. तो खाली मान घालून तिच्या पायांना तेल चोळत होता.

"काही फरक पडला का?" मी विचारलं. तो तेल चोळतच राहिला. तिला झोप लागल्यावर मला बाजूला घेऊन म्हणाला, "न्हाय, पावणं. समदी कुंडं झाली. आता हिला कुठं न्यायची, सांगा की."

मग तो गाडीत जाऊन बसला. त्यानं गाडी सुरू केली. कोल्हापूरचा रस्ता समोरच होता, पण कितीतरी वेळ गाडी हलली नाही.