थुंकी मागणारे बागवान डॉक्टर

दातांच्या डॉक्टरांकडं सांगण्यासारखं असणार काय, असं आमच्या ग्रुपात कुणीतरी हमखास म्हणतं. कीड आणि कवळी, संपलं. पण सत्तरच्या दशकात लक्ष्मीपुरीत बागवान डॉक्टरांच्या दवाखान्यात मी असिस्टंट होते, ती वर्षं आठवायला बसले की एकातून दुसरं निघतच राहतं. त्यातलं बरंचसं थुंकीचं आहे, तेव्हा आधी चहा संपवून घ्या.

डॉक्टरांचा एक वर्गमित्र मुंबईला लॅबमध्ये होता. हिरड्या खराब व्हायला लागल्या की थुंकीत काही द्रव्यं वाढतात का, ती वेळेवर सापडली तर दात वाचतील का, हे तो शोधत होता. त्याला नमुने हवे होते. म्हणून खुर्चीत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात डॉक्टर आधी एक छोटी बाटली द्यायचे. "पावणं, ह्यात थुंका." त्या बाटल्या बर्फात घालून संध्याकाळच्या गाडीनं जायच्या.

*

वारणानगरच्या कॉलनीतला एक कामगार होता. घरच्यांचीही थुंकी आण, असं डॉक्टरांनी त्याला सांगितलं. पुढच्या खेपेला त्यानं एकच मोठी बाटली आणली. ही कुणाची, म्हणून विचारलं, तर म्हणाला, "समद्यांची. एकाच घरची हाय की."

आम्ही पोट धरून हसलो. डॉक्टरांनी मात्र बाटली उजेडात धरली. तळाला लाल होतं. आमच्यात कुणाच्या तोंडातून रक्त येत नाही, असं तो शपथेवर सांगत होता. तरी डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून घेतलं. रक्त त्याच्या आईचं निघालं. मिश्रीनं काळे पडलेले दात, एकूण एक हलणारे, हिरडी दाबली की पू. कितीतरी वर्षं ती रक्त गिळत होती. सांगितलं का नाही, तर म्हणाली, "सांगिटलं की दात काढत्यात. मग भाकरी कशानं खाऊ?"

सगळे काढावे लागले.

*

एक बाई सगळी तपासणी करून घ्यायची, पण थुंकी द्यायची नाही. केस, नखं आणि थुंकी परक्याच्या हातात गेली की करणी होते, हे तिच्या मनात पक्कं बसलेलं. डॉक्टरांनी आग्रह केला नाही. हिरड्यांच्या सफाईला तेवढी ये, असं परोपरीनं सांगितलं. ती आली नाही.

पुढं बऱ्याच दिवसांनी आली तेव्हा पदराच्या गाठीत पुढचे दात बांधून आणले होते. आपोआप गळून पडलेले. टेबलावर मांडून म्हणाली, "हे परत बसवा. थुकी तेवढी मागू नका."

*

शिरोळचा एक ट्रॅक्टरवाला तर बाटली बघून उठूनच गेला. थुंकायला इतक्या लांब कशाला यायचं, ते उसात उभा राहूनही होतं, असं बोलून गेला. परत आला तेव्हा हिरड्या टम्म सुजलेल्या, तोंडाला सडक्या फळासारखा वास. डॉक्टरांना डायबेटिसचा संशय आला. त्यांनी लघवी तपासायला सांगितली, तर गडी आणखी भडकला. आधी थुंकी, आता लघवी, उद्या काय मागाल, म्हणाला. हलणारा दात त्यानं बाजारातल्या एकाकडून उपटून घेतला. जखम भरलीच नाही. सूज गळ्यापर्यंत उतरली.

तेरावं झाल्यावर त्याचा धाकटा भाऊ आला. टक्कल केलेला, टोपी हातात. खुर्चीत बसला आणि आपणहून हात पुढं केला. "माझी बी घ्या. थुकी, लघवी, काय पायजे ते."

*

एकदा डॉक्टरांनी गंमत म्हणून स्वतःची थुंकी दुसऱ्याच नावानं मुंबईला धाडली. मित्राचा ट्रंक कॉल आला. बाकीच्यांचं नंतर बोलू, पण ह्या एका माणसाला आधी गाठ, त्याच्या हिरड्या आतून चालल्यात, असं तो सांगत होता. डॉक्टरांनी फोन ठेवला आणि आरशापुढं उभं राहून पुढचा दात बोटानं हलवून बघितला. हलला. त्या दिवशी दवाखाना लवकर बंद झाला.

*

आणि ही हौसाबाई. दिलेली शाहूवाडीकडं, पण राहायची इथं भावाकडं. दाढ दुखते म्हणून भाऊच घेऊन आला. चूळ भरायला मी ग्लास दिला, तर तिनं पिशवीतून स्वतःचं फुलपात्र काढलं. तुमचं नको, बाटंल, म्हणाली.

हळूहळू सगळं कळलं. पहिल्या बाळंतपणानंतर सकाळी उशीवर रक्त दिसायला लागलं. थुंकी लाल. सासरच्यांनी ठरवून टाकलं, क्षय. डॉक्टर कुणी दाखवलाच नाही. आधी ताट वेगळं केलं, मग तान्हं पोर ठेवून घेऊन तिला माहेरी पाठवलं. नवऱ्यानं दुसरी केली. भावाच्या घरीही ती पडवीतच जेवायची.

डॉक्टरांनी आधी तिच्या छातीचा फोटो काढून आणायला लावला, बेडका तपासून घेतला. दोन्ही स्वच्छ आले. मग तिला बोलावलं आणि तिच्याशेजारी स्टूल ओढून बसले.

"हौसाताई, तुम्हाला क्षय नाही. ते रक्त हिरड्यांचं आहे."

ती रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. हातातलं फुलपात्र तिनं बाजूला ठेवलं.

"म्हंजी माझ्या थुकीनं कुणाला काय हुईत न्हाय?"

"काही होत नाही."

"मग पोराचा मुका घेटला तर चालंल?"

"चालेल की," डॉक्टर म्हणाले. "केवढा आहे?"

तिनं हात गुडघ्याएवढ्या उंचीवर धरला. मग तो तसाच वर वर नेत राहिली, खांद्यापर्यंत, डोक्यापर्यंत, डोक्याच्याही वर, आणि कुठं थांबवायचा ते तिला कळेना.