महानंदाची चांदीची डबी

मैत्रिणींनो, आज लातूरला महानंदाच्या मेंदूचा एमआरआय झाला. कॉन्व्हेंटमध्ये आम्ही दोघी एका बाकावर बसायचो.

गाठ काढली, रेडिएशन झालं, आणि आता त्याच जागी पुन्हा डाग दिसतोय. गाठ परत आली की तो नुसता रेडिएशनचा व्रण, हे साध्या स्कॅनवरून ठरेना. आजचा हा रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन आता इथेच होतो, त्यावरून बहुतेक कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

दाराशी टेक्निशियन म्हणाली, "मावशी, गळ्यातली चांदीची डबी पण काढा."

त्या डबीत तिचं इष्टलिंग असतं. शाळेत सिस्टर रागावल्या तरी तिने ते उतरवलं नव्हतं.

"देव खाली ठेवत न्हाईत बाई," म्हणत तिने डबी माझ्या तळहातावर ठेवली. मी तर लिंगायतही नाही. "आंघोळ करून आलीस ना गं?" तिने विचारलं.

"हाव! जा आता."

आत मशीन ठकठकत होतं. मला बसवेना, आणि हात हलवायची भीती वाटत होती.

बाहेर येताच तिने आधी डबी मागितली.

रिपोर्ट उद्या आहे. घरी आल्यापासून धुतलेली भांडी पुन्हा विसळतेय. अशा वेळी तुम्ही रिकाम्या हातांचं काय करता गं?