नूरबीच्या पोर्चमधली भिंगरी

सांगायला जीभ रेटत नाय. पण गल्लीतून तिखटमीठ लावून ऐकाल, त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

माझी शाळा चौथीत सुटली. पुढचं सगळं रद्दीतल्या पुस्तकांवर शिकले, पाखरंसुद्धा. हर्सूल तलावाजवळ राहते, दुर्बीण कायम गळ्यात. कुणाला पाखराचं नाव हवं असलं की येतात माझ्याकडंच. मग मान कशी ताठ!

शेजारच्या नूरबीच्या पोर्चच्या छताला चिखलाचं वाटीएवढं घरटं. लेकीचा निकाह आठवड्यावर, आणि रंगवाला म्हणे, आधी घरटं काढा. नूरबीचं मन होईना. मला हाक मारली.

"मावशी, अंदर बच्चे तो नहीं ना?"

मी वर बघितलं. घरट्याच्या काठावर पाखरू. तांबूस डोकं, निळी पाठ. झालं! "ही माळभिंगरी. हिवाळ्यात इथं येते, अंडी घालते तिकडं हिमालयात. घरटं रिकामं."

"पर मावशी, दिनभर चोंच में कीडे लाते..."

"नूरबी, पुस्तक तू वाचलंस का मी?"

हिवाळ्यातली पाहुणी मे महिन्यात इथं काय करते, असं तुम्हाला वाटलं ना? मला नाय वाटलं!

रंगवाला कचरत होता. त्याला खाली उतरवलं, मीच शिडीवर चढले आणि त्याची रंग खरवडायची पट्टी घरट्याला लावली.

निम्मं घरटं खाली! उरलेल्या निम्म्यात तीन पिल्लं. मला बघून तिघांनी पिवळ्या चोची वासल्या. माझ्याकडं घास मागत होती हो!

मी खाली उतरले. नूरबीनं करवंटी आणली, तारेनं तिथंच बांधली, पिल्लं आत ठेवली. रंगवाल्याला म्हणाली, "वो कोना छोड दो." मला दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

अर्धा तास आम्ही लांब बसून वाट बघितली. मग आई आली, घास भरवून गेली. तेव्हा कुठं मी दुर्बीण नीट धरली. गळा पांढराधोट, शेपटीला तारेसारखी दोन लांब पिसं. तारवाली भिंगरी! बारमाही इथलीच, घरटंही इथंच करणारी. पुस्तकात त्याच पानावर खाली होती. मी वरचं वाचून शहाणी झालेले!

आता नूरबी पोर्चमध्ये कपडे वाळत घालते, भिंगऱ्यांची जोडी हलतसुद्धा नाय. मी फाटकात पाऊल टाकलं की थेट माझ्या डोक्यावर झेप! साडी बदलून बघितली, तोंडावर पदर ओढून बघितला, काल तर छत्री उघडून गेले.

त्यांची ओळख काही चुकत नाय.