अंतराळात हमाल

"अंतराळात वजनच नसतं. मग तिथे हमाल काय उचलणार? हवा?"

पाहुणे असं म्हणाले आणि सभागृह हसलं. कसबा पेठेतलं छोटं सभागृह. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांची महिन्याची बैठक, चाळीसेक माणसं. मी पुढे उभी. हातात माझ्या कथेचे कागद. कंपनीच्या प्रिंटरमधून वाया गेलेले कागद मी घरी आणायची आणि पाठकोऱ्या बाजूला लिहायची.

पाहुणे मोठे लेखक. त्यांनी हसू ओसरू दिलं आणि विचारलं, "आडनाव काय म्हणालात आपलं?" मी सांगितलं. "अच्छा," ते म्हणाले, "मग बरोबर आहे. घरचाच अनुभव दिसतोय." लोक पुन्हा हसले. माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. आडनावावरून त्यांनी काय ते ओळखलं.

पाहुण्यांचा राग मला नंतर आला. आधी मी सरांकडे पाहिलं. सर म्हणजे माझे कॉलेजातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक. ही बैठक तेच चालवायचे. वजन वेगळं आणि वस्तुमान वेगळं, हे त्यांनीच मला फळ्यावर शिकवलेलं. वजन गेलं तरी वस्तुमान जात नाही. तरंगणारी जड पेटी वेगात सुटली तर माणसाला भिंतीशी चिरडू शकते. माझी सगळी कथा याच्यावर उभी होती. आठ दिवसांपूर्वी ती वाचून सर म्हणाले होते, "बैठकीत वाच. मी आहे." आता त्यांनी एवढंच म्हणायचं होतं की पाहुण्यांचं चुकतंय. एक वाक्य. सर चष्मा पुसत हसत होते.

ती कथा मला पुस्तकातून सुचली नव्हती. माझे वडील, आबा, हातगाडीवरून कांद्याची पोती वाहायचे. लहानपणी मी एकदा त्यांना विचारलं होतं, एवढी जड गाडी ढकलता कशी? आबा म्हणाले, "ढकलाया काय, कुनीबी ढकलतंय. थांबवाया माणूस लागतो." पुढे कॉलेजात सरांनी जडत्वाचा नियम शिकवला तेव्हा मला वाटलं, अरे, हा तर आबांचा नियम. म्हणून कथेत मी अंतराळस्थानकावर एक म्हातारा हमाल ठेवला. पाण्याची पेटी सुटते, इंजिनिअर घाबरतात. म्हातारा पेटीला पाठ लावतो, भिंतीवरच्या कड्या धरत तिच्याबरोबर सरकत जातो आणि हळूहळू तिला थांबवतो. त्याच्याच भोवती पुढे मोठी कादंबरी लिहायची, असं मी ठरवलं होतं.

त्या वर्षांत हिंजवडीला एकामागून एक सॉफ्टवेअर कंपन्या येत होत्या. मी अशाच एका कंपनीत टेस्टर होते. सातला चौकात कंपनीची गाडी यायची. त्याआधीचे दोन तास माझे. चूल पेटलेली, नळावर भांडणं, आणि मी कोपऱ्यात गुडघ्यावर पॅड ठेवून गुरूच्या चंद्रांवर. कंपनीत कुणाला सांगितलं नव्हतं. सरांना सांगितलं होतं, कारण मला कुणीतरी लेखक म्हणावं असं फार वाटायचं.

बैठक संपल्यावर सर जिन्यात भेटले. म्हणाले, मनाला लावून घेऊ नकोस, कथा चांगली आहे, मी दिवाळी अंकाला देतो. भाषा थोडी तपासतो फक्त. मी लगेच विरघळले. त्यांच्या पाया पडले. आज त्याची लाज वाटते.

अंक आला तो रविवारी सकाळी. अनुक्रमणिकेत माझं नाव. आबांनी यार्डात आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरीनं आपल्या माणसावर गोष्ट लिहिली म्हणून. मी अंक न उघडता तशीच यार्डात पळाले. कथा मला पाठ होती, वाचायची कशाला? दुपारी माल उतरवून झाल्यावर दहा-बारा हमाल पोत्यांवर बसले. कुणीतरी चहा सांगितला. मी वाचायला लागले.

पहिलं पान माझं होतं. दुसऱ्या पानावर अनिरुद्ध नावाचा तरुण इंजिनिअर आला. मी त्याला लिहिलं नव्हतं. पेटी सुटली. वजन नसल्यामुळे ती कापसासारखी हलकी झाली होती, म्हणे. अनिरुद्धने ती एका बोटाने थांबवली.

आबांच्या शेजारी बसलेल्या तात्यांनी विचारलं, "पोरी, हमाल कवा येतोय?"

मी पुढची पानं चाळली. हमाल कुठेच नव्हता. आबांच्या ध्यानात आलं. ते म्हणाले, "वाच वाच. चांगलं हाय."

आणि मी शेवटपर्यंत वाचलं. माझं नाव घातलेलं, माझ्या बापाला पुसून टाकलेलं, शास्त्रही चुकलेलं. तिथेच अंक मिटायला हवा होता. मिटला नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही. त्या टाळ्या मला सभागृहातल्या हसण्यापेक्षा जास्त लागल्या.

तिथून उठले ती थेट सरांच्या घरी गेले. त्यांनी आत बोलावलं, बसायला सांगितलं. मी उभीच राहिले.

"सर, वजन नसलं तरी वस्तुमान राहतं. तुम्हीच शिकवलंत."

"राहतं ना," सर शांतपणे म्हणाले. "पण भर सभेत पाहुण्यांना चूक म्हणायचं का? आणि अगं, हमालाची विज्ञानकथा वाचणार कोण? तुझं नाव छापून आलं ना? झालं तर."

म्हणजे त्यांना माहीत होतं. बैठकीतही आणि छापतानाही. अडाण्याने फसवलं असतं तर मी सोडून दिलं असतं. यांनी समजून उमजून केलं. मला खरं शिकवलं आणि माझ्या नावावर खोटं छापलं.

मग त्यांनी टेबलावरचा एक कागद पुढे सरकवला. निवडक विज्ञानकथांचं पुस्तक निघणार होतं, प्रस्तावना त्याच पाहुण्यांची. माझी कथा घेतली होती. खाली संमतीची सही हवी होती. पुस्तकात नाव. जे मला शाळेपासून हवं होतं ते समोर पडलेलं. मी पेन उचललं. अनिरुद्धचं पान डोळ्यांसमोर आलं. पेन खाली ठेवलं.

"या कथेखालचं माझं नाव काढा," मी म्हणाले. "ही माझी कथा नाही."

"बघ बाई," सर म्हणाले. "मग पुण्यात तुला कोण छापेल, मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी मी संपादकांना पत्र लिहिलं. कोणत्या पानावर, कोणत्या ओळीत शास्त्र चुकलंय, मूळ कथेत काय होतं, सगळं क्रमाने. खाली आडनावासकट पूर्ण सही केली. पत्र छापलं नाही. उत्तरही आलं नाही. बैठकीचं बोलावणं तेव्हापासून बंद झालं.

सर आता फार थकलेत, असं जुने वर्गमित्र सांगतात. तुझी आठवण काढतात, जाऊन ये म्हणतात. मी जाणार नाही.

कादंबरीचं चौदावं प्रकरण चालू आहे. प्रस्तावना कुणाची घेणार नाही. भाषा तपासून देतो असं कुणी म्हणालं तर कागद उचलून उठून येईन. नाही छापली कुणी, तर झेरॉक्स काढून स्वतः वाटीन. एकही माणूस त्यातून काढू देणार नाही.