पोलीणबाईंचे चार वन्स मोअर

पोलीणबाई हसायच्या नाहीत. स्वभावानं रागीट होत्या असं नव्हे. हसू आलं की त्या ओठ मिटून पदर तोंडाला लावायच्या आणि ते ओसरेपर्यंत एस.टी.च्या खिडकीबाहेर बघत बसायच्या. पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला वाटलं, आपला विनोद फुकट गेला. मग त्याच म्हणाल्या, "आवं मास्तर, हसवू नगा. एकाच फुप्फुसावर चाललीया गाडी. ते हसण्यात गेलं तर शाळंचा जिना कशानं चढू?"

त्यांचं खरं नाव वाईत कुणाच्याच जिभेवर बसलं नाही. लढाईच्या काळात कोल्हापूरजवळ वळिवड्याला पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, तिथं त्या ऐन विशीत आल्या. क्षय झाला म्हणून त्यांना पाचगणीला हलवलं आणि फासळ्या कापून डावं फुप्फुस कायमचं मिटवून टाकलं. छावणीच्या कोठारावर नेमलेला वाईकडचा एक जवान त्यांना भेटायला येत राहिला. छावणी उठली तेव्हा बाकीची माणसं बोटीत बसली आणि बाई त्याच्या घरी नांदायला गेल्या. मराठी त्या सासूकडून शिकल्या, त्यामुळं गोऱ्या तोंडात अस्सल शेतकऱ्याघरची भाषा. मी पाचगणीच्या शाळेत मराठी शिकवायचो, त्या पियानो शिकवायच्या. रोज एकाच गाडीनं आम्ही घाट चढायचो.

लढाईआधी त्या गायनाच्या शाळेत शिकत होत्या. त्यांच्या देशातल्या कवींच्या कविता, त्यांना तिथल्याच संगीतकारांनी लावलेल्या चाली, आणि सोबतीला फक्त पियानो, अशी ती गाणी. पाचगणीच्या डॉक्टरांनी गाण्यावर बंदी घातली होती. त्या गाडीत नुसता मुखडा गुणगुणायच्या आणि मध्येच तोडायच्या. मी पुढं म्हणा म्हटलं की मान हलवून म्हणायच्या, "पुढं चढाव हाय."

मी सांगलीचा. सांगलीकराला नाटकाची बढाई मारायला निमित्त लागत नाही. आमच्याकडं पद आवडलं की सगळं थिएटर वन्स मोअर मागतं, गायकाला ते पुन्हा पहिल्यापासून म्हणावं लागतं, आणि नाही म्हणणं म्हणजे प्रेक्षकांचा अपमान, हे मी त्यांना तिखटमीठ लावून सांगायचो. बाई फार मन लावून ऐकायच्या. एकदा पसरणीच्या वळणावर हळूच म्हणाल्या, "मला मिळंल का वो एखादा?" ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही. जायला हवं होतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी मी सांगलीच्या कॉलेजात लागलो. तिथं एका जुन्या क्लबात पियानो धूळ खात पडला होता. मिरजेच्या एका हार्मोनियमवाल्यानं आठवडाभर खपून तो सुरात आणला आणि मी बाईंचा कार्यक्रम ठरवला. डॉक्टर महिनाभर नाहीच म्हणत होते. शेवटी बाईंच्या हट्टापुढं नमले, पण अट घातली. गाणी फक्त चार, आणि प्रत्येक गाण्यानंतर दहा मिनिटं नुसता पियानो. बोटं चालतील तेवढ्यात श्वास जागेवर येईल. "दोन गाणी लागोपाठ झाली तर जबाबदारी माझी नाही," असं त्यांनी मला आणि सुभेदारांना समोर बसवून सांगितलं. सुभेदार म्हणजे तोच कोठारावरचा जवान, आता निवृत्त. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "मास्तर, मला ह्यातलं काय बी बरं दिसत न्हाई. पर ती तीस वर्सांत पैल्यांदा काय मागतीया."

कार्यक्रमाच्या दुपारी बाई दोनदा खोकल्या. दुसऱ्या वेळी रुमाल बघून त्यांनी तो पटकन कमरेला खोचला. मी पाहिलं, आणि नजरेचा भ्रम म्हणून सोडून दिलं. माझ्या डोक्यात वेगळीच काळजी होती. एक अक्षर न कळणारी गाणी लोक ऐकतील का? बाईंना कोरडं परत जावं लागलं तर? म्हणून मी माझ्या पाच-सहा विद्यार्थ्यांना मागं बसवलं आणि सांगितलं, पहिल्या गाण्याला वन्स मोअर द्या, तेवढीच बाईंची हौस. फुप्फुसाचं त्यांना सांगितलं नाही. डॉक्टरांची अट मला पाठ होती. तरी एकाने काय होतंय, असं मी स्वतःची समजूत घातली.

नऊवारीतल्या बाई पियानोशी बसल्या. पहिलं गाणं संपलं आणि मागून पोरांची आरोळी आली. बाईंचा चेहरा असा उजळला की मी स्वतःवरच खूश झालो. त्यांनी नमस्कार केला आणि गाणं पुन्हा म्हटलं. मग पियानो वाजला. दुसरं गाणं नदीकाठी वाट बघणाऱ्या मुलीचं होतं. ते संपताच पहिल्या रांगेतले एक म्हातारे नाटकवाले उठून उभे राहिले आणि भरल्या आवाजात म्हणाले, "वन्स मोअर, बाई." त्यांना मी काही सांगितलं नव्हतं. त्यांच्यामागं अख्खा हॉल मागू लागला. सांगलीला एकदा वाट दाखवली की ती थांबत नाही.

तिसऱ्याला मागणी झाली तेव्हा बाईंचे ओठ निळसर दिसत होते. सुभेदार खुर्चीतून उठून स्टेजच्या पायरीपर्यंत गेले. बाईंनी डावा हात वर करून त्यांना बसायची खूण केली. ते बसले. चौथं गाणंही त्या दोनदा गायल्या, दुसऱ्या वेळी आवाज जवळजवळ नव्हताच, आणि तरी कुणी जागचं हललं नाही. विंगेत येताच त्या माझ्या खांद्यावर कोसळल्या आणि माझा सदरा लाल झाला.

मिरजेच्या दवाखान्यात त्यांनी मला जवळ बोलावलं. "मास्तर, खरं सांगा. ते वन्स मोअर तुमी सांगून आणले हुते?"

"नाही बाई. एकही नाही."

त्यांनी डोळे मिटले. "मग झालं," म्हणाल्या. त्या खोट्याची मला लाज नाही. आजही तेच बोलेन.

तीन आठवड्यांनी त्या गेल्या. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर सुभेदार माझ्याशेजारी येऊन बसले. म्हणाले, "तवाच वर जाऊन तिला खाली आणायला पायजे हुती. तिनं हात केला आन् मी बसलो. मीच मारली तिला, मास्तर."

पहिली आरोळी माझी होती, एवढंच सांगायचं होतं. शब्द तोंडापर्यंत आले होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणालो, "असं बोलू नका." सुभेदार त्यानंतर चार वर्षं जगले. दर दिवाळीला मी वाईला जायचो, ते दर वेळी तेच म्हणायचे, आणि मी दर वेळी पाठीवर हात ठेवायचो.