खांबावरचा म

क्रेनच्या केबिनमध्ये आम्ही चौघं दाटीनं उभे होतो. ऑपरेटरनं काचेतून समोरच्या दोन खांबांकडे बोट केलं आणि म्हणाला, "साब, ये वाला साफ है. वो वाला तो सीढ़ी दिखता है."

शिडी दिसणारी अक्षरं माझी होती.

आमचे साहेब, कोल्हे, मोकळेपणी हसले. साफ अक्षरं ज्याची होती तो सुखदेव पेंटर माझ्या शेजारी उभा होता. तो हसला नाही. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

मी तेव्हा भिलाईच्या पोलाद प्लांटमध्ये आर्टिस्ट होतो. भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होतं. वडील दुर्ग लाइनवर रेल्वेत खलाशी. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. नागपूरचा बी.ए., वर कमर्शियल आर्टचा डिप्लोमा. नवीन माणसाला हे मी पहिल्या दोन मिनिटांत सांगत असे.

काम असं होतं. शॉपमधल्या, म्हणजे कारखान्याच्या शेडमधल्या, लोखंडी खांबांवर त्या त्या जागेचं नाव हिंदीत लिहायचं. 'मरम्मत', 'स्क्रैप', असं. वरच्या क्रेनवाल्याला ते वाचता यायला हवं, नाहीतर प्रत्येक वेळी खालच्याला हात करून विचारत बसायचं. खांब उंच, पण रुंदी जेमतेम हातभर. अशा जागी बोल्ड कंडेन्स्ड अक्षर लागतं. बोल्ड म्हणजे जाड. कंडेन्स्ड म्हणजे दोन्ही बाजूंनी दाबून उंच केलेलं. टोकांना शेपट्या नसल्या की त्याला सॅन्स-सेरिफ म्हणतात. इंग्रजीत अशी अक्षरं तयार मिळायची, शीटवरून घासून कागदावर उमटवायची. हिंदीत मला मिळेनात. मग मीच काढली. सगळ्या रेषा सारख्या जाड, स्केलनं मोजलेल्या. इतकी देखणी झाली की कागद सेक्टर दहाच्या क्वार्टरमध्ये नेऊन बायकोला दाखवला.

कोल्हे साहेब म्हणाले, "एक खांब तुमच्या शीटवरून रंगवा. एक सुखदेवला त्याच्या मनानं करू द्या. जे वरून वाचता येईल ते सगळ्या प्लांटचं स्टँडर्ड."

सुखदेव भंडाऱ्याकडचा, चौथी पास. त्यानं खडू लावलेली दोरी ताणून सोडली, दोन रेघा उमटल्या, आणि थेट ब्रश लावला. पुढचं तुम्ही वाचलंच.

खाली उतरल्यावर मी त्याच्या खांबापाशी गेलो. "सुखदेवभाऊ, तुमचा म पाहा. उभी रेघ जाड, पोटाची बारीक. हे चूक आहे."

"आहे ना साहेब."

"मग कावून केलं?"

"एनॅमल पेंट वाहते. पोट भरून टाकते. अन् वरून लाल धूळ बसते. म्हणून मी पोट पयलेच मोकळं ठेवतो."

"कोणी शिकवलं?"

"कोनी नाही. मीच लिहिलेला बोर्ड सहा महिन्यानं मले वाचता नाही आला."

मला त्या उत्तराचा राग आला. माझ्या डिप्लोम्यात एनॅमल वाहत नव्हतं.

स्टँडर्ड शीट मलाच काढायचं होतं, अक्षर मात्र त्याचं. मी काढायला बसलो आणि हात थांबेना. इथली रेघ थोडी जाड केली, तिथलं पोट थोडं आवळलं. सुधारतोय असं स्वतःला सांगत होतो. खरं तर तो म त्याचा दिसू नये एवढंच मला हवं होतं. त्या शीटवरून सुखदेवनं तिसरा खांब निमूट रंगवला. ऑपरेटरनं वरून पाहिलं आणि दोन्ही हातांनी शिडी चढल्यासारखं करून दाखवलं. सगळी शॉप बघत होती.

"तुम्हाला रंगवताना दिसलं नव्हतं?" मी सुखदेवला विचारलं.

"दिसलं होतं."

"मग बोलले कावून नाही?"

"तुमी विचारलं नाही साहेब. शीटवर तुमची सही होती."

दुसऱ्या दिवशी ट्रेसिंग पेपरचा रोल घेऊन मी त्याच्या खांबापाशी गेलो. त्यानं कागद धरला, मी अक्षरं जशीच्या तशी उतरवली. एक रेघही सुधारली नाही. फार जड गेलं.

प्लांटच्या प्रत्येक ड्रॉइंगला खाली तीन चौकोन असतात. ड्रॉन, चेक्ड, अप्रूव्ह्ड: काढलं कोणी, तपासलं कोणी, मंजूर कोणी केलं. ड्रॉनमध्ये मी माझं नाव लिहिलं. चेक्डमध्ये नेहमी एखादा ऑफिसर असतो. तिथं मी सुखदेवचं नाव लिहिलं.

कोल्हे साहेबांनी चष्मा वर केला. "पेंटर कधीपासून चेक करून राहिला?"

"या अक्षरापुरता, साहेब."

त्यांनी अप्रूव्ह्डमध्ये सही केली. मग सुखदेवनं केली, सावकाश, उभी आणि ठसठशीत.

लांबून वाचायचं अक्षर लांबूनच तपासावं, हा धडा मी पुढे नव्या मुलांना शिकवला. ते अक्षर पुढे सगळ्या शॉपमध्ये गेलं. जुने लोक भेटले की विचारतात, खांबांवरची ती अक्षरं तुमचीच ना? मी काढली, असं सांगतो. ते खोटं नाही. काढली मीच, सुचली त्याला. ज्याला सुचलं त्याच्यासाठी शीटवर चौकोनच नव्हता. चौथा चौकोन आखायला एक पट्टी आणि अर्धं मिनिट लागलं असतं. मला तेव्हा ते सुचलं नाही, असं मी म्हणणार नाही. सुचलं होतं.